आयआयएम इंदूरच्या आयपीएमला माझे ‘चान्सेस’ किती? सांगलीच्या एका बारावीतल्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सांगलीचा, बारावी कॉमर्स, स्टेट बोर्ड, गणित घेतलेलं. दहावीला ९१.४०, अकरावीला ७४. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. ऑक्टोबरपासून घरी बसून आठ मॉक (सराव परीक्षा) दिले, सरासरी ३६० पैकी १६२. एसईबीसीचा दाखला आहे. कबड्डी जिल्ह्यापर्यंत खेळलाय. विचारतो की आयआयएम इंदूरच्या आयपीएमला, म्हणजे बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या मॅनेजमेंट कोर्सला, माझे चान्सेस किती टक्के? प्रोफाइल वाढवायला एखाद्या एनजीओचं सर्टिफिकेट घेऊ का? आणि चान्स नसेल तर फॉर्मचे चार हजार वाया घालवायचे नाहीत.

तुला ‘तू’च म्हणते, वर्गातल्या पोरांना तसंच म्हणायची सवय आहे. मी आधी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सचं गणित शिकवायचे. २०१४ पासून आयपीएमच्या परीक्षांचं क्वांट, म्हणजे गणित, शिकवते. तुझ्यासारखा प्रश्न दर डिसेंबरात येतो आणि त्यात नेहमी एक गोष्ट गाळलेली असते. तू मात्र आठही मॉकचे विभागवार गुण दिलेस, म्हणूनच एवढं लांब लिहायला बसले.

आधी टक्क्यांचं. ‘तुला ३५ टक्के चान्स आहे’ असं सांगणारी कॅल्क्युलेटरं इंटरनेटवर भरपूर आहेत. मी तसा आकडा देणार नाही, कारण तो कशावरून काढायचा हेच कुणाला सांगता येत नाही. पण आजची माझी समजूत सरळ सांगते: ही परीक्षा येत्या रविवारी झाली आणि तू ओपनमधून बसलास, तर मुलाखतीचं बोलावणं येणार नाही असं मी धरून चालेन. मे महिन्यात झाली तर येऊ शकतं. या दोन वाक्यांमधलं अंतर नेमकं कुठे आहे, ते सांगते.

इंदूरने हा कोर्स २०११ साली सुरू केला. जागा १५०. ऐकायला बऱ्या वाटतात, पण केंद्रीय आरक्षण वजा केलं की ओपनच्या साधारण ६० उरतात, आणि त्या ६० वर राखीव प्रवर्गातली चांगले गुण मिळवणारी मुलंही हक्काने येतात. देशभरातून हजारो मुलं बसतात. तेव्हा तुझं नाव नेमकं कोणत्या यादीत लागणार, हा पहिला प्रश्न. तू तो विचारलाच नाहीस, कारण दाखला हातात आहे म्हणून तुला तो सुटलेला वाटतो.

तो सुटलेला नाही. एसईबीसी हा महाराष्ट्र राज्याचा प्रवर्ग आहे. आयआयएम केंद्र सरकारच्या संस्था. तिथे एससी, एसटी, केंद्राच्या यादीतले ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि दिव्यांग एवढेच प्रवर्ग चालतात. तुझा एसईबीसीचा दाखला राज्याच्या प्रवेशांना उपयोगी आहे, इंदूरच्या फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. मग दोन रस्ते उरतात. घरात कुणबी नोंद असेल, तिच्यावरून जातप्रमाणपत्र निघालेलं असेल आणि नॉन-क्रिमीलेयरमध्ये बसत असाल, तर महाराष्ट्रातले कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. नसेल तर ईडब्ल्यूएस. पण केंद्राच्या ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं सगळीकडून मिळून उत्पन्न ८ लाखांच्या आत लागतं, शेती ५ एकरांच्या आत लागते, आणि घर-प्लॉटच्याही मर्यादा आहेत. राज्याच्या ईडब्ल्यूएस दाखल्यावर हे सगळं पाहिलेलं नसतं, त्यामुळे तो इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलाच हवा. अडत दुकान आहे म्हटल्यावर तुमचा आयकर परतावा काय सांगतो ते वडिलांना विचार. दोन्हींत बसत नसशील तर तू ओपनचा उमेदवार. त्यात कमीपणा काही नाही, फक्त हिशेब बदलतो आणि तो आत्ताच माहीत असलेला बरा.

हे एवढ्या ताणून सांगायचं कारण आहे. माझ्याकडची एक वंजारी मुलगी एनटी-डी (भटक्या जमाती-ड) या राज्याच्या प्रवर्गातली होती. राज्याच्या फॉर्मांवर जन्मभर एनटी-डी लिहिलेलं, म्हणून आयआयएमच्या फॉर्मवर तो शब्द दिसेना तेव्हा घरच्यांनी सरळ ‘जनरल’ भरलं. वंजारी समाज केंद्राच्या यादीत ओबीसीत आहे, हे कुणी पाहिलंच नाही. ती ओपनच्या कटऑफला थोडक्यात अडली. नंतर प्रवर्ग बदलून मिळाला नाही. चूक कुणाची म्हणायची? मलाही विचारायचं सुचलं नव्हतं. तेव्हापासून नवं मूल आलं की गुणांच्या आधी दाखला बघते.

आता तुझे मॉक. मुद्द्याची जागा हीच आहे.

इंदूरच्या परीक्षेचे तीन तुकडे असतात. क्वांटचे ३० बहुपर्यायी प्रश्न, क्वांटचेच १५ शॉर्ट आन्सर म्हणजे उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा, आणि व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजीचे, ४५ प्रश्न. प्रत्येकाला ४० मिनिटं, एका विभागातून दुसऱ्यात जायची मुभा नाही. बरोबर उत्तराला ४ गुण, बहुपर्यायी चुकलं की १ वजा, शॉर्ट आन्सर चुकलं तर काही वजा नाही. म्हणजे १२०, ६० आणि १८० मिळून ३६०. गेली काही वर्षं साचा असा आहे. यंदाची जाहिरात आली की त्यात बदल आहे का तेवढं बघून घे.

तू सरासरी १६२ सांगतोस. तिन्ही विभागांची सरासरी वेगवेगळी काढली तर व्हर्बल ११४, बहुपर्यायी २६, शॉर्ट आन्सर २२. व्हर्बल छान आहे, आणि हे तोंडदेखलं म्हणत नाही. स्टेट बोर्डाच्या मुलांचं सहसा इथेच घोडं अडतं. तुझं तिथे धावतंय.

पण इंदूर एकूण बेरीज आधी बघतच नाही. आधी तिन्ही विभागांचे स्वतंत्र कटऑफ ओलांडायचे. तिन्ही ओलांडले तरच तुझी बेरीज कुणाच्या तरी समोर जाते. व्हर्बलमध्ये १६० मिळवलेस आणि बहुपर्यायीत अडकलास तर ते १६० कुणी मोजणार नाही. म्हणून ‘सरासरी १६२’ हा आकडा मला निरुपयोगी वाटतो. शिवाय मॉक काढणाऱ्या कंपन्यांचे पेपर एका अवघडपणाचे नसतात. एकीचे १६२ ते दुसरीचे १९०.

तर सरासरी सोड आणि बहुपर्यायीचे आठ आकडे ओळीने बघ: ३४, १२, ४१, १८, ९, ३८, २७, २९. सरासरी २६ आली, पण २६ गुण तुला एकदाही मिळालेले नाहीत. चांगल्या दिवशी तू ३४ ते ४१ मिळवतोस, वाईट दिवशी ९ ते १८. आठांतले तीन दिवस वाईट. कटऑफ दर वर्षी पेपरप्रमाणे खालीवर होतो, पण ओपनमध्ये ९ किंवा १२ वर निभावेल अशी आशा मी कधीच धरणार नाही. म्हणजे मे महिन्यात त्या दिवशी तुझ्यातला कोणता मुलगा परीक्षेला जाणार, हा तुझा खरा प्रश्न आहे. ‘चान्सेस’ म्हणून विचारायचं तर हे विचार.

९ गुणांच्या मॉकचा तपशील तू दिलायस: २१ प्रश्न सोडवले, ६ बरोबर, १५ चूक. चोवीस वजा पंधरा, नऊ. आणि ४१ गुणांचा: १९ सोडवले, १२ बरोबर, ७ चूक. दोन्ही दिवशी सोडवलेल्या प्रश्नांची संख्या जवळपास सारखीच. आता गंमत बघ. चार पर्यायांतून डोळे मिटून एकवीस ठिकाणी टिक केलं असतं तर सरासरीने पाचेक बरोबर आले असते. तू डोळे उघडे ठेवून, चाळीस मिनिटं घाम गाळून सहा आणलेस. त्या दिवशी तुझ्या गणिताने तुला फक्त एक प्रश्न मिळवून दिला.

हे वाचून वाईट वाटून घेऊ नकोस, हा आजार बरा होणारा आहे. असं होतं तेव्हा मूल अर्धवट येणाऱ्या प्रश्नात शिरलेलं असतं. दोन पायऱ्या जमतात, तिसरीला अडतं, तोवर तीन मिनिटं गेलेली असतात. मग ‘एवढं केलंय तर सोडायचं कशाला’ म्हणून जवळचा वाटणारा पर्याय टिक केला जातो. पेपर काढणाऱ्याने तो पर्याय नेमका त्या दुसऱ्या पायरीवर थांबणाऱ्यासाठीच ठेवलेला असतो. अंदाजच मारायचा तर पूर्ण अंधारात मारलेला परवडतो. चारांत एक बरोबर, तीन चूक धरले तरी चार प्रश्नांमागे एक गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने खोडता आला तर आणखी बरं. अर्धवट सोडवून मारलेला अंदाज मात्र सापळ्यात पाय.

म्हणून पुढचे तीन मॉक दे तेव्हा प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नापुढे कच्च्या कागदावर एक अक्षर लिही. ‘ख’ म्हणजे खात्री, ‘अ’ म्हणजे अर्धवट, ‘ट’ म्हणजे टोला, आंधळा अंदाज. नंतर तिन्हींचे बरोबर-चूक वेगवेगळे मोज. माझ्या अनुभवात ‘अ’चा ढीगच सगळा निकाल फिरवतो. बहुतेक मुलांचे ‘अ’मधले पाचांत चार चुकलेले असतात आणि तेच सगळ्यात जास्त वेळ खातात. ते सोडून वाचलेली मिनिटं येणाऱ्या प्रश्नांना द्यायला शिकलास की वाईट दिवसाचे ९ चे २० होतात, तेही नवीन एक धडा न शिकता. पुढचं मग शिकून वाढवायचं.

शॉर्ट आन्सरमध्ये तुझे आकडे १२ ते ३२. इथे वजा काही नाही, तरी तू तीन-चार मॉकमध्ये चार-पाच रकाने कोरे ठेवलेस. का? कोरा ठेवून काय वाचवलंस? उत्तर बहुतेक वेळा पूर्णांकात असतं, थोडी तर्कबुद्धी वापरून काहीतरी भर. पण खरं सांगायचं तर या विभागात अंदाजाने फार मिळत नाही, इथे गणितच यावं लागतं.

आणि गणित कुठलं? तुझ्या प्रश्नातलं ‘अकरावीला ७४’ इथे कामाचं आहे. कॉमर्सच्या पोरांचा असा समज असतो की अकरावी म्हणजे आराम. इंदूरचा पेपर क्रमचय-संचय, संभाव्यता, श्रेढी, निश्चयक, सारणी (मॅट्रिक्स), लॉगॅरिदम आणि फलन यांच्यावर फार प्रेम करतो. यातलं बरंचसं बोर्डाच्या अकरावीच्या कॉमर्स गणितात आहे: श्रेढी, निश्चयक, क्रमचय-संचय, संभाव्यता. सारणी बारावीला. तू हे सगळं एकदा वरवर करून सोडून दिलंयस, ७४ तेच सांगतात. बालभारतीचं अकरावीचं पुस्तक रद्दीत गेलं असेल तर नवं आण. क्लासच्या जाडजूड संचाआधी ते पुस्तक पूर्ण कर, अगदी संकीर्ण उदाहरणांसकट. मग इंदूरचे मागच्या वर्षांचे पेपर. लॉगॅरिदम आणि संख्यांचे गुणधर्म मात्र वेगळे करावे लागतील, बोर्ड त्यात खोल जात नाही. अंकगणित, म्हणजे शेकडा, नफा-तोटा, काळ-काम, यात तू दुकानदाराचा मुलगा असल्याने पक्का असशील असं आपलं मी गृहीत धरते. नसलास तर वडिलांना सांगू नकोस.

तुझ्याकडे वेळ डिसेंबर ते मे दिसतोय, पण तो तेवढा नाही. जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. बोर्ड संपल्यावर सात-आठ आठवडे हातात राहतात. माझा सल्ला: बोर्डापर्यंत रोज एक तास फक्त अकरावीचं गणित, दर रविवारी एखादा विभाग वेळ लावून. पूर्ण मॉक बोर्डानंतर. आठ मॉक आधीच देऊन झालेत, नववा देऊन नवीन काही कळणार नाही.

आता प्रोफाइल. एनजीओचं सर्टिफिकेट, ऑलिम्पियाडची पदकं, पैसे भरून मिळणारी ‘इंटर्नशिप’ हे सगळं तू बहुधा अमेरिकेच्या प्रवेशांबद्दल वाचलेलं आहेस. तिथल्या विद्यापीठांत अर्ज वाचणारी माणसं असतात, निबंध असतात, शिफारसपत्रं असतात. इथे इंदूरचं मुलाखतीचं बोलावणं केवळ परीक्षेच्या गुणांवर येतं. तुझं सर्टिफिकेट तोवर कुणी उघडूनही बघत नाही. दहावीचे ९१ सुद्धा नाही. मुलाखतीत ते कागद समोर येतात, आणि तिथे दोन दिवसांत मिळवलेलं एनजीओचं सर्टिफिकेट म्हणजे स्वतःच्या हाताने खणलेला खड्डा. ‘त्या संस्थेला पैसे कुठून मिळतात?’ एवढ्या एका प्रश्नावर माझ्या सराव-मुलाखतीत पोरं घामाघूम होतात. ते पैसे वाचव. कबड्डी मात्र लिही, कारण ती खरी आहे. फक्त तू चढाई करायचास की कोपरा सांभाळायचास, आणि शेवटच्या मिनिटाला एक गुण मागे असताना काय करायचं, हे इंग्रजीत दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

मुलाखतीला मुलं कमी लेखतात. गेल्या काही वर्षांत इंदूरच्या अंतिम यादीत परीक्षेला ६५ आणि मुलाखतीला ३५ असं वजन राहिलं आहे. एकाचे परीक्षेचे ४८ आणि मुलाखतीचे १८ आले, एकूण ६६. दुसरीचे ४२ आणि २६, एकूण ६८. परीक्षेत सहा गुणांनी मागे असलेली मुलगी पुढे गेली. हे होताना मी पाहिलंय, दोन्ही बाजूंनी.

आणि तुझ्याजवळ जे आहे ते पुण्या-मुंबईच्या पोरांजवळ नाही. तू ते प्रश्नात एका ओळीत उरकलंस: ‘वडिलांचं हळदीचं दुकान आहे’. अरे, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवायचे, पुरात त्या पेवांचं काय झालं ते तुझ्या घरच्यांनी डोळ्यांनी पाहिलं असेल. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचे वायदे होतात. समोर मी बसले असते तर विचारलं असतं: शेतकऱ्याने माल आणला आणि भाव पडलेला आहे, तर तुझे वडील त्याला विक म्हणतात की ठेव म्हणतात? ठेवला तर सहा महिन्यांचं व्याज कुणाच्या अंगावर? खरेदीदाराचे पैसे किती दिवसांनी येतात आणि शेतकऱ्याला किती दिवसांत द्यावे लागतात? मधलं अंतर कोण सोसतं? व्यवस्थापनाच्या पुस्तकात याला खेळतं भांडवल म्हणतात. तुझ्या घरी त्याच्यावर रात्री जेवताना भांडणं होत असतील. बोर्ड संपलं की आठवडाभर सकाळी सौद्याला जाऊन उभा राहा. ‘तुला मॅनेजमेंट का करायचंय’ या प्रश्नाला सतरा वर्षांच्या मुलाकडे खरं उत्तर क्वचित असतं. तुझ्याकडे असू शकतं.

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू. तू ‘इंदूरला चान्स किती’ विचारतोस, जणू हा दरवाजा एकच आहे. एकाच मुलाचे चान्सेस संस्था बदलली की बदलतात, कारण मोजायची पट्टी बदलते.

आयआयएम रोहतकचं बघ. त्यांनी हा कोर्स २०१९ साली काढला, परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा. क्वांट, लॉजिकल आणि व्हर्बल प्रत्येकी ४० प्रश्न, प्रत्येकी ४० मिनिटं. गणित इंदूरपेक्षा सोपं, पण वेग जास्त लागतो. आणि मुख्य म्हणजे अंतिम निवडीत आधीच्या शालेय गुणांनाही ते वजन देतात. इंदूरने न पाहिलेले तुझे ९१.४० इथे कामाला येतात. व्हर्बल पक्कं, गणित मध्यम, दहावी चांगली असं मूल माझ्याकडे आलं तर मी रोहतक आधी सांगते. तुझ्या आकड्यांवर मला तिथली शक्यता इंदूरपेक्षा बरी वाटते. ओपनमध्ये ‘बरी’ म्हणजेही सोपी नव्हे.

जम्मू आणि बोधगया या दोन आयआयएमची मिळून जिपमॅट ही प्रवेश परीक्षा होते. १०० प्रश्न, १५० मिनिटं, विभागांना वेगळा वेळ नाही आणि पुढे मुलाखत नाही. विभागांची वेळ मोकळी असणं तुझ्यासारख्याला फायद्याचं, व्हर्बल लवकर संपवून उरलेली मिनिटं गणिताला देता येतात. मुलाखत नसल्याने हळदीचं भांडवल मात्र वाया. आणि इंदूरच्याच परीक्षेचे गुण रांचीच्या आयआयएमला आणि आयआयएफटी या परदेशी व्यापार शिकवणाऱ्या संस्थेच्या काकीनाडा कॅम्पसलाही चालत आले आहेत. इंदूरचा फॉर्म भरायचा की नाही, हे ठरवताना तेही धर.

दिल्लीच्या शहीद सुखदेव कॉलेजचं बीएमएस (मॅनेजमेंटची पदवी) तू लिहिलंयस. तिथे सीयूईटी या विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, त्यात गणिताचा पेपर लागतो आणि तो तुझा सध्या दुबळा आहे. फॉर्म भर, पण आशा त्यावर ठेवू नको. मुंबईत एनएमआयएमएसच्या एनपॅट या प्रवेश परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग नाही, तुझ्या ‘अ’च्या ढिगाला तिथे शिक्षा होत नाही. पुण्यात सिंबायोसिसची सेट ही प्रवेश परीक्षा आहे. दोन्हींची फी आधी बघा.

राज्याची बीबीए-बीएमएसची सीईटी २०२४ पासून सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा परीक्षार्थींपेक्षा जास्त निघाल्या आणि सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली. तेव्हा प्रवेश मिळेल का ही तिथली चिंता नाही, चांगल्या कॉलेजात मिळेल का ही आहे. तुझा एसईबीसीचा दाखला इथे चालतो. एक सावधगिरी: मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज केलं आणि ते या सीईटीच्या बाहेर गेले. हवं ते कॉलेज कुठल्या रस्त्याने प्रवेश देतं हे त्यांच्या ऑफिसात फोन करून विचार, क्लासवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको.

खर्चाबद्दल तू विचारलं नाहीस, पण वडील विचारतील. आयआयएम इंदूरची पाच वर्षं मिळून तीस लाखांच्या वर जातात. शैक्षणिक कर्ज मिळतं, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे. हे बोलणं निकालानंतर नको, आत्ता करा. प्रवेश मिळाल्यावर घरात पैशावरून रडारड झालेली मी पाहिली आहे, आणि न मिळाल्यापेक्षा ती वाईट असते.

यंदा नाही झालं तर ड्रॉप घ्यावा का? हे सगळ्यात जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे. ‘अ’चा ढीग कमी झाला, वाईट दिवस ३० च्या वर गेला आणि तरी थोडक्यात हुकलं, तर एक वर्ष थांबण्यात अर्थ आहे. वयाची आणि बारावीच्या वर्षाची अट जाहिरातीत बघून घ्यायची. पण मे महिन्यातही तुझे आकडे ९ आणि ४१ मध्ये हेलकावे खात असतील तर वर्षभर घरी बसून तेच हेलकावे लांबतील. मग सरळ पुण्यात किंवा सांगलीतच चांगल्या कॉलेजात पदवी कर आणि मग कॅट, म्हणजे आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा, दे. या कोर्सची शेवटची दोन वर्षं शेवटी एमबीएचीच असतात, तिथे तोही रस्ता जातो.

राहिले फॉर्मचे चार हजार. माझ्या मते इंदूरचा भर, रोहतकचाही भर, जिपमॅट भर. पण त्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात कर. वडिलांचे गेल्या आर्थिक वर्षाचे आयकराचे कागद, सातबारा, घराची कागदपत्रं आणि घरात कुणबी नोंद निघालेली असेल तर तिची प्रत घेऊन तहसील कार्यालयात जा. केंद्राच्या नमुन्यातला कोणता दाखला मिळू शकतो, तो कुठल्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर धरतात आणि किती दिवस लागतात, एवढं विचारून ये. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत असताना तुला त्या रांगेत उभं राहायला वेळ मिळणार नाही. काय उत्तर मिळतं ते आणि पुढच्या मॉकमधले ‘ख’, ‘अ’, ‘ट’ चे आकडे इथेच लिही, मग पुढचं बोलू.